सगळ्या पाढ्यांत येणारा आकडा

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात. हे होते तोवर मीही घेतलं नाही. आता घेते. हरेश्वर. घेतलं, पडलं का आभाळ? खरं तर गावानंच ह्यांचं नाव कधी नीट घेतलं नाही. सगळे ह्यांना ‘बाकी’ म्हणायचे. ‘ए बाकी, दोर धर.’ ‘बाकी आला का रे?’ आमच्या लग्नात अंतरपाट खाली येतोय तोच मागून कुणीतरी मेला ओरडला, ‘आली रे बाकीची बायको!’ मांडवभर हशा. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की तशीच उठून माहेरी जाणार होते. समोर बघते तर हे स्वतःच हसताहेत, आणि नजर मांडवाच्या पलीकडं माडांच्या शेंड्यांवर. मी मनात म्हटलं, गोदूबाई, हा माणूस काही इथं नाही. आणि ते खरंच निघालं.

आमचा कोळीवाडा रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी. तेव्हा तीस घरं होती आणि तिसांचं मिळून एक मोठं जाळं. होडीनं ते पाण्यात लांबवर सोडून यायचं आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचं. ज्या घरचा पुरुष दोराला, त्या घरचा वाटा. मासळी वाळूवर ओतली की तिचे तीस सारखे वाटे घालायचे, मोठा मासा नगावर, बारीक मासळी टोपलीवर. सारखे वाटे घालून जे उरेल, दोन पापलेटं म्हणा, चार टोपल्या मांदेली म्हणा, ते कुणी घरी न्यायचं नाही. ते दर्याचं. आणि दर्याचं म्हणजे ज्याचं माणूस दर्यानं नेलं त्याचं. वाडवडलांपासूनची रीत.

ह्यांचा बाप दर्यानं नेला तेव्हा हे रांगत होते. सासूबाई ह्यांना काखेत घेऊन वाट्यांच्या शेवटी जाऊन बसायच्या. वाटे घालणारा ओरडायचा, ‘बाकी पाच!’ की पाच मासे टोपलीत. ‘बाकी न्हाय!’ की रिकामी टोपली घेऊन घरी. असं ते नाव चिकटलं. पुढं शाळेत घातलं तर तिथंही तेच. मास्तर फळ्यावर भागाकार घालून विचारायचे, ‘बाकी किती?’ आणि सगळा वर्ग मान वळवून ह्यांच्याकडं बघायचा. मास्तर बिचारे सज्जन, त्यांना कळायचंच नाही पोरं हसतात कशाला.

तेव्हा पोरांना तिसापर्यंतचे पाढे पाठ असायचे. तिसांचा पाढा आला की शहाणा झाला, जा जाळं ओढायला. तर ह्यांनी एक दिवस मास्तरांना विचारलं, असा एखादा आकडा असेल का, जो सगळ्या पाढ्यांत येतो? दोनाचा लावा, सातांचा लावा, एकोणतिसांचा लावा, भाग पुरा जातो आणि मागं काही म्हणजे काही उरत नाही? मास्तर म्हणाले, ‘असणार बाळा. पण फार लांब असणार.’

झालं! मास्तर बोलून मोकळे झाले आणि माझ्या कपाळी आलं. ह्यांना वाटलं लांब म्हणजे कोर्लईच्या डोंगराच्या पलीकडं, आभाळ जिथं पाण्याला टेकतं तिकडं कुठंतरी तो आकडा बसलाय आणि आपली वाट बघतोय. मला हे लग्नानंतर त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना तोंडावर जराही हसू नव्हतं.

ओहोटीची ओली वाळू ही ह्यांची पाटी. जाळं ओढून झालं, जेवण झालं, की हे काठी घेऊन किनाऱ्यावर. खाली वाकून गुणाकार मांडताहेत, मागं मागं सरकताहेत, पाण्याचा आवाज येतोय, वरून घारी फिरताहेत, आणि ह्यांना कशाचीच शुद्ध नाही. मी बोंबील वाळत घालता घालता हाक मारायची. ऐकू आलं तर शपथ! मग जवळ जायची तर काठी न थांबवता म्हणायचे, ‘गोदू, हातचे सात. लक्षात ठेव.’ मी आपली सात, सात, सात करत बोंबलांकडं परत. थोड्या वेळानं हाक यायची, ‘किती होते?’ संसारभर मी ह्यांचे हातचे सांभाळले. दुसऱ्या बायकांचे नवरे बायकोला बांगड्या सांभाळायला देतात.

पहिल्यांदा ह्यांनी काय केलं, एकापासून तिसापर्यंत सगळे आकडे एकमेकांत गुणत सुटले. आकडा असा लांबला की रेवदंड्याच्या कोटाच्या काळ्या भिंतीच्या दिशेनं चाललाच चाललाय. अर्ध्यात भरती आली. हे पाण्यात घोटाभर उभे राहून बघत बसले. लाट आली की एक शून्य जायचं, दुसरी आली की नऊ जायचा. मला इतका राग आला होता, पण खरं सांगते, तेही बघायला बरं वाटत होतं. ऊन कलतं होतं आणि पाणी एकेक आकडा हलक्या हातानं उचलून नेत होतं.

मग एक दिवस जेवता जेवता ह्यांचा घास हातातच राहिला.

‘गोदू, बाराला वेगळं बोलावणं कशाला?’

‘कोण बारा? कुठली पाव्हणी येताहेत?’ मी विचारलं. घरात तांदूळ किती आहेत हे मला ठाऊक होतं.

‘तीन आणि चार पंगतीला बसलेत न्हवं? मग बारा त्यांच्याच मांडीवर आला. त्याला वेगळा पाट नको.’

आणि भात तसाच टाकून निघाले. जळ्ळं मेलं लक्षण! पण मला ते कळलं, आणि कळलं म्हणून जास्तच राग आला. म्हणजे असं बघा, जो आकडा तिनांच्या पाढ्यात आहे आणि चारांच्याही आहे, तो बारांच्या पाढ्यात आपसूक येतो. मग सगळ्यांना गुणायची गरज नाही. दोनाच्या घरातून सगळ्यांत थोरला घ्यायचा, तो सोळा. तिनाच्या घरातून सत्तावीस. पाचाच्या घरातून पंचवीस. राहिले सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस. हे एकटे जीव. दुसऱ्या कुणाच्याच पाढ्यात ते येत नाहीत, त्यांच्या जागी कुणी उभं राहत नाही. त्यांना ज्याचं त्याला जाऊन बोलवावं लागतं. एवढ्यांचाच गुणाकार करायचा.

तो मला पाठच झाला. सोळा, सत्तावीस, पंचवीस, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस. मासळीवर मीठ टाकताना तोंडात तेच. शेजारणी म्हणायच्या, गोदूबाईनं कसलं व्रत धरलंय.

वाटेत भेटणारे आकडेही ह्यांना आवडायचे. सात लाख वीस हजार सातशे वीस हा तर इतका लाडका होता की मला हात धरून किनाऱ्यावर नेऊन दाखवला. ‘बघ, सातशे वीस आणि पुन्हा सातशे वीस. एकच गोष्ट दोनदा सांगतोय. सोळापर्यंतच्या सगळ्या पाढ्यांत येतो हा.’ त्या आकड्याच्या कडेनं आम्ही दोघं चालत गेलो. लग्नानंतर ह्यांनी माझा हात असा उघड्यावर धरला तो त्याच दिवशी. मग आकड्याला मी काय म्हणून शिव्या घालू?

करमअली मात्र घालायचा. तो बोर्ली पंचतनचा व्यापारी, स्वतःचा मचवा होता, आमच्याकडून मासळी आणि वाड्यांतून नारळ-सुपारी भरून मुंबईला न्यायचा. ह्यांना हरेश्वर म्हणून हाक मारणारा सगळ्या किनाऱ्यावर तो एकटाच. म्हणायचा, ‘हरेश्वर, अल्लानं एवढी दुनिया बनवली आणि तुला वाळूच मिळाली? किती मोठा हाय तो तुझा आकडा?’

हे सांगायचे, ‘एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म. तिथवर जातो. मग आणखी दोन घरं पुढं गेलं की जलधी. म्हणजे दर्या.’

‘म्हंजे दर्या लागायच्या आधीच थांबतो? मग माझ्या मचव्याच्या काय कामाचा!’ करमअली हसायचा. पण मी बघायची, हसून झालं की तोही पाण्याकडं बघत राहायचा.

मी एकदा ह्यांना चिडवायला विचारलं, ‘आणि एकतिसांच्या पाढ्यात येतो का हो?’

‘एकतिसांचा पाढा कुठं असतो? तिसापुढं पाढा न्हाय.’

‘पाढा न्हाय म्हणून एकतीस न्हाय काय?’

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा काठी फिरवायला लागले.

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड झाली, त्याच्या पुढच्या वर्षी तो आकडा लागला. सकाळी सकाळी एकोणतिसांनी भागून बघितला आणि धावत आले. धोतराचा काष्टा सुटलेला, गुडघ्यापर्यंत वाळू. ‘गेला गोदू! सगळ्यांनी भाग गेला! काही उरलं न्हाय!’ मी चूल फुंकत होते. मला हाताला धरून ओढत नेलं. दोन, तीन, दोन, नऊ, शून्य, आठ, नऊ, पाच, सहा, दोन, आठ, शून्य, शून्य. बस, एवढाच. माझ्या माणसाची इतकी वर्षं, आणि आकडे तेरा. ओल्या वाळूवर सकाळचं ऊन आलं होतं. हे त्याच्या शेजारी आडवे झाले, लहान पोर आईजवळ झोपतं तसे, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाले, ‘कुठंतरी एक जागा हाय गोदू, जिथं कुणीच बाकी न्हाय.’ मी पण रडले. एवढं सांगून ठेवते, त्या दिवशी आमच्याएवढं सुखी कुणी नव्हतं.

आता पुढचं सांगते.

त्याच साली कान्हाला दर्यानं नेलं. कान्हा आमच्या शेजारचा, तरणाताठा गडी. मागं बायको नलू आणि लहानगी रतन. दोराला पुरुष नाही म्हणून वाटा गेला. तो कान्हाच्या चुलतभावाला मिळाला, त्यानं नवं खोपटं घातलं. म्हणजे वाटे तीसच राहिले, घरं झाली एकतीस. नलू टोपली घेऊन वाट्यांच्या शेवटी बसायला लागली. तिचा भाऊ दयाराम मुंबईला गोदीत होता, तो म्हणत होता चल माझ्याकडं. ती जायला तयार नव्हती. कान्हा सापडला नव्हता ना. ‘तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?’ असं म्हणायची. कुणी समजूत घातली तर ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच म्हणायची.

तोवर हिशेबात हुशार म्हणून वाटे घालायचं काम ह्यांच्याकडं आलं होतं. एकदा वाटे झाल्यावर ह्यांनी ऐकलं, पोरं रतनच्या मागं नाचताहेत, ‘बाकी! ए बाकी!’ ह्यांचा चेहरा मी बघितला. राखेसारखा झाला. घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, ‘माझ्या हाताखाली आता बाकी उरणार न्हाय. कुणाच्या पोराला हे नाव लागणार न्हाय.’

आणि तसंच केलं. जे मासे उरायचे ते तिथल्या तिथं करमअलीला द्यायचे, बदल्यात तीस नारळ घ्यायचे, घरटी एक. कधी नारळांऐवजी मीठ. सगळं सारखं, चोख, वाळू स्वच्छ. तीसही घरं खूश. फुकटचा नारळ कुणाला नको? म्हातारा बाळाजी, आमच्या वाड्यातला सगळ्यांत वडील माणूस, तोसुद्धा म्हणाला, ‘बाकीनं बाकी संपवली!’ आणि हे आपले हसताहेत, नजर पुन्हा माडांच्या शेंड्यांवर. ह्यांना वाटत होतं तो वाळूवरचा आकडा आता गावात राहायला आला.

नलू शेवटी बसलेली असायची. वाटे उचलले जायचे, माणसं पांगायची, आणि ती रिकामी टोपली डोक्यावर घेऊन उठायची. मी आमच्या वाट्यातलं घेऊन गेले तर तिनं हात मागं घेतला.

‘नको वैनी. दर्यानं माझा माणूस नेला, दर्याचं मी खाईन. कुणाच्या वाट्यातलं न्हाय खाणार. आज तुमचं घेतलं की उद्या भीकच की हो.’

‘अगं, रतनकडं तरी बघ!’

‘तिच्याकडं बघूनच न्हाय म्हणते.’

रतनच्या मनगटातल्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, इतकं पोर वाळलं होतं. शेवटी नलूनं दयारामला निरोप धाडला. तो आगबोटीनं आला. परतीच्या बोटीनं तिघं जाणार ठरलं. नलूनं घरातली भांडी बांधली आणि कान्हाचं वल्हं आमच्या पडवीत आणून ठेवलं. म्हणाली, ‘तो आला तर सांगा, मुंबईला गेलीय.’

ती घरी गेल्यावर मी किनाऱ्यावर गेले. हे तिथं तोच आकडा पुन्हा लिहीत बसले होते. माझं डोकं असं भणाणलं की काय सांगू. मी त्या आकड्यावरून चालत गेले, पायांनी पुसत गेले, आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला अरे-तुरे केलं.

‘तुला बाकी म्हणाले ते वाईट झालं रे. पण बाकी खाऊन तू जगलास! तुझ्या आईच्या टोपलीत काय पडत होतं? तुझा हा आकडा तेव्हा असता तर तू उपाशी मेला असतास! आणि आता त्या पोरीला मारतोयस. तीस घरं मोजतोस, एकतिसावं दिसत न्हाय तुला? शेजारचं हाय!’

हे पुसलेल्या वाळूकडं बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, ‘तिनं रिकामी टोपली नेली?’

‘रोज,’ मी म्हटलं.

खरंच सांगते, त्यांनी बघितलंच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, बाकी हे नाव गेलं की दुःख गेलं. मला त्यांचा राग आला होता तेवढीच कीवही आली. मी घरी निघून आले.

संध्याकाळ झाली, हे तिथंच. भरती आली तसे हलून कोरड्या वाळूत बसले. मी दारातून बघत होते. पाणी वर वर येत होतं आणि हे त्याच्याकडं एखादी गोष्ट ऐकत असल्यासारखे बघत होते. दिवेलागणीला आले. पाय धुतले. म्हणाले, ‘गोदू, आकड्यात एक कमी पडला.’

‘आग लागो त्या आकड्याला!’

‘ऐक तर. शंभराचा आहेर कुणी करतं का?’

‘न्हाय. एकशे एकाचा.’

‘का?’

‘का म्हणजे? वरचा एक नको? नुसतं शून्य कुणाच्या हातात ठेवतात काय?’

‘तेच. त्या आकड्यात एक मिळव. आता दोनापासून तिसापर्यंत कुठलाही पाढा लाव. भाग सगळ्यांना सारखा जातो आणि एक उरतोच. आज पाच, उद्या काही न्हाय, असं न्हाय. माझ्या आईला कधीच ठाऊक नसायचं आज चूल पेटणार का. ह्यात चुकत न्हाय. पाढा कुठलाही असो, एक हायच.’

मी पदराला हात पुसत उभी राहिले. मला ते एकदम कळलं. पण तोंडानं काय म्हटलं, ‘आणि त्या एकाला पोरं काय म्हणतील? बाकीच ना?’

हे हसले. पण या वेळी नजर माझ्याकडं होती. ‘शेवटी उरला तर म्हणतील,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आगबोट होती. सकाळी जाळं ओढलं. मासळी वाळूवर पडली, माणसं गोळा झाली. नलूही आली होती, पण टोपली नव्हती हातात. सगळ्यांचा निरोप घ्यायला आली होती, दयाराम गाठोडी घेऊन मागं. ह्यांनी मोजायला सुरुवात करायच्या आधी एक टोपली उचलली, समोरची चांगली मासळी तिच्यात भरली, अगदी काठोकाठ, आणि सगळ्यांच्या पुढं वेगळी ठेवली.

‘ही कुणाची?’ बाळाजीनं विचारलं.

‘दर्याची.’

‘दर्याचं शेवटी असतं रे. रीत हाय.’

‘बाळाजीकाका, आहेरात वरचा एक शेवटी शोधतात काय? तो असतोच, म्हणून आहेर शुभ. ही टोपली मोजणीत न्हाय. हिचे वाटे पडले न्हाईत, त्यामुळं ही कुणाच्या वाट्यातली न्हाय. वाटे हिच्यानंतर सुरू. आणि आजपासून नारळ-मिठाची अदलाबदल बंद. उरलं तर तेही दर्याचं, न्हाय उरलं तरी ही टोपली हायच.’

कुजबूज सुरू झाली. कान्हाचा तो चुलतभाऊ म्हणाला, ‘म्हणजे प्रत्येकाचं कमी होणार!’ मग मात्र माझ्यानं राहवेना. मी बायकांतून पुढं झाले.

‘व्हय, कमी होणार! हातात धरून दाखव तुझं किती कमी झालं ते. आणि तिसांपैकी एक घर दाखव, ज्याला दर्यानं लिहून दिलंय की तुझं माणूस नेणार न्हाय. दाखव, मी आत्ता ती टोपली उधळून देते!’

सगळ्यांची नजर पाण्याकडं गेली. करमअली मचव्याच्या कामासाठी तिथंच उभा होता, तो हळूच म्हणाला, ‘आमच्यात माप घालताना पहिल्याला एक म्हणत न्हाईत, बरकत म्हणतात. बरकत आधी. मग मोजणी.’ बाळाजीनं बराच वेळ त्या टोपलीकडं बघितलं. त्याचा थोरला मुलगाही दर्यातच गेला होता, फार वर्षांपूर्वी. तो वाकला, आपल्या हातानं आणखी एक पापलेट टोपलीवर ठेवलं आणि म्हणाला, ‘घाल वाटे.’

हे टोपली घेऊन नलूसमोर गेले. ‘कुणाची भीक न्हाय,’ ते म्हणाले. ‘दर्याचं हाय. पहिलं.’ नलू ह्यांच्याकडं बघत राहिली. रतननं मधूनच हात घालून ते वरचं पापलेट उचललं आणि छातीशी धरलं, मामानं आणलेली नवी कोरी चोळी ओली झाली. तेव्हा नलूचा बांध फुटला. वाळूत बसून ती अशी रडली की दयारामनं गाठोडी खाली ठेवली. बोटीनं तो एकटाच गेला.

त्यानंतर रतनला कुणी बाकी म्हटलं नाही. म्हणणार कसं? तिची टोपली सगळ्यांच्या आधी भरायची.

ह्यांनी मग वाळूवर फारसं लिहिलं नाही. कधीमधी तो आकडा मांडायचे, पण शेवटी एक. ...दोन, आठ, शून्य, एक. आणि निघून यायचे. मी विचारलं, आता काय शोधता? तर म्हणाले, ‘एकतिसांचा पाढा करतोय.’ आणि खरंच, रतनला मांडीवर घेऊन एकतीस एके एकतीस, एकतीस दुणे बासष्ट असं घोकायचे. गावात तो पाढा येणारी ती दोघंच.

आणि मग ते साल आलं. नारळी पौर्णिमा झाली होती. करमअलीच्या मचव्यावर एक गडी कमी होता, म्हणून हे मुंबईला फेरीला गेले. जाताना मी म्हटलं, येताना काचेच्या बांगड्या आणा, इतकी वर्षं नुसते हातचे सांभाळले. म्हणाले, ‘किती आणू?’ मी म्हटलं, ‘तुम्हीच सांगा.’ म्हणाले, ‘डझन आणि वर एक.’ वादळ म्हणावं असं वादळही झालं नाही. मचवा मोडला, करमअलीला दुसऱ्या गलबतानं उचललं, ह्यांना कुणी बघितलं नाही. करमअली दारात येऊन उभा राहिला आणि त्याला ‘गोदूबाय’ एवढंही म्हणता येईना.

मी रडले नाही. मला नलूसारखंच वाटत होतं, येतील. माणूस इतक्या लांब आकड्यापर्यंत जाऊन परत आला होता, मुंबईहून नाही येणार? मी दाराला कडी घालत नव्हते. चूलही पेटवत नव्हते. जाळं ओढल्याचा गलका ऐकू यायचा, पण मी गेले नाही. त्या वाट्यांच्या कडेला टोपली घेऊन बसणं माझ्यानं होणार नव्हतं. ह्यांच्या नावावर हसणाऱ्या त्या मांडवात मी मनाशी शपथ घेतली होती, ह्या हातानं मी कधी दर्याचं उचलणार नाही.

मग एका सकाळी दारात नलू. डोक्यावर टोपली, बरोबर रतन. नलूनं टोपली उंबऱ्यावर ठेवली. काठोकाठ भरलेली, वरची मासळी अजून हलत होती.

मी म्हटलं, ‘घेऊन जा नलू. वाटे झाल्यावर उरलेलं मला नको.’

‘वाटे कुठं झालेत वैनी?’ नलू म्हणाली. ‘सगळी तिकडं उभी हाईत. मोजायला हात कुणी लावला न्हाय. आधी तुमची.’

मी उंबऱ्यावर खाली बसले, दोन्ही हातांनी टोपली जवळ ओढली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ह्यांचं नाव मोठ्यानं घेतलं.